हाफ-ट्रॅकला जीपचा नियम लावू नका

पुढे चाकं आणि मागे पट्टे असलेल्या हाफ-ट्रॅकबद्दल एक सल्ला फार फिरतोय: "दोन्हीकडे ड्राइव्ह (इंजिनाची ताकद) असेल तर पुढचा-मागचा क्राउन-पिनियन (एक्सलमधली दातेरी चाकांची जोडी) एकाच रेशोचा (पिनियनच्या किती फेऱ्यांत चाकाची एक फेरी होते त्याचा) हवा. हिशेबाला पट्ट्याखालच्या चाकांचा व्यास घ्या. थोडाफार फरक राहिला तर पट्टा सांभाळून घेतो." हे ऐकून कुणी जुनी गाडी जुळवायला बसला तर एक्सलची वाट लागेल, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"रेशो एकच हवा." हा नियम जीपचा. विलीज एमबी जीपच्या दोन्ही एक्सलना 4.88, म्हणजे पिनियनला 8 दात आणि क्राउनला 39. चारही टायर एकाच मापाचे, म्हणून आकडाही एकच. आता दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन एम3 हाफ-ट्रॅक बघा: पुढे 6.8, मागे 4.44. ही कारखान्याची चूक नव्हे. पुढे सुमारे 38 इंची टायर आहे, आणि मागे पट्टा ओढणारं दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट, त्याहून बरंच लहान. तेवढंच अंतर कापायला त्याला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. याच गाडीत हट्टाने पुढेही 4.44 बसवलात तर पुढची चाकं पट्ट्यांच्या दीडपट वेगाने पळू पाहतील. जुळवायचा असतो तो जमिनीवरचा वेग. एक्सलमधला रेशोचा आकडा त्यासाठी बदलावाच लागतो.

"पट्ट्याखालच्या चाकांचा व्यास घ्या." ती चाकं नुसती वजन पेलतात. ती लहान केली काय, मोठी केली काय, पट्ट्याच्या वेगाला काडीचा फरक पडत नाही. वेग ठरतो स्प्रॉकेटच्या दातांवर. समजा 18 दात आहेत आणि पट्ट्याचा पिच, म्हणजे एका दातामागे पट्टा सरकतो ते अंतर, 4 इंच आहे: एका फेरीत 72 इंच. पुढचा टायर वजनाखाली एका फेरीत 108 इंच जात असेल तर गुणोत्तर दीड. मग मागे 4 असेल तर पुढे 6 लागेल. टायरचं माप मात्र गाडी उभी करून, खडूची खूण करून, एक पूर्ण फेरी ढकलूनच घ्यावं. टायरवर छापलेल्या मापावरून काढलेला घेर वजनाखाली तेवढा भरत नाही. उद्या 8.25-20 (टायरची रुंदी आणि रिमचा व्यास, इंचांत) च्या जागी 9.00-20 टायर चढवलात तर घेर साधारण 5 टक्क्यांनी वाढतो आणि हिशेब परत मांडावा लागतो.

"पट्टा सांभाळून घेतो." कसा घेईल? तो दातांत अडकलेला असतो, आणि जमिनीवर त्याची पकड टायरपेक्षा कितीतरी मोठी. घसरायचं झालं तर पुढचा टायरच घसरतो. डांबरी रस्त्यावर तोही सहज घसरत नाही, मग सगळा ताण शाफ्टमध्ये साठतो आणि पुढचा ड्राइव्ह सोडवायचा लिव्हर जागचा हलत नाही. वळणावर तर हिशेब अगदी अचूक जुळलेला असला तरी पुढची चाकं मागच्यापेक्षा मोठा फेरा घेतात. म्हणूनच एम3ला पुढचा ड्राइव्ह सोडवायची सोय होती. पक्क्या रस्त्यावर तो सोडवायचा, आणि चिखल किंवा वाळू लागली की जोडायचा.

जर्मन हाफ-ट्रॅक एसडी-केएफझेड 251चा दाखला या वादात कृपा करून देऊ नका. त्याच्या पुढच्या चाकांना ड्राइव्हच नव्हता.