हिल व्ह्यू, फक्त फ्रिजजवळून

घोडबंदर रोडला मानपाड्याजवळच्या आमच्या बिल्डिंगच्या ब्रोशरमध्ये 'येऊर हिल व्ह्यू' असं छापलं होतं आणि ते अगदीच खोटं नाही हं, व्ह्यू आहे, फक्त हॉलच्या खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात ग्रिलला गाल टेकवून मान वाकडी केली की समोरच्या दोन टॉवरच्या फटीतून दिसतो. तर नवऱ्याने रील्स बघून ठरवलं की खिडकीसमोरच्या भिंतीवर मोठ्ठा आरसा लावायचा, म्हणजे हॉल डबल, उजेड डबल आणि डोंगर थेट घरात. पुरावा काय, तर व्हर्सायचा राजवाडा. तिथे 17 खिडक्यांसमोर 17 कमानी आणि त्यात 357 आरसे, अख्खी बाग आत येते म्हणे. मी म्हटलं अरे, त्या राजाच्या खिडकीबाहेर बाग होती, आपल्या खिडकीबाहेर बी विंगचं धुणं आहे. पण ऐकतोय कोण.

सासूबाई तरी आडव्या येतील अशी आशा होती. पण वास्तूवाल्यांना आरसा उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीवर चालतो, आणि आमची ती भिंत नेमकी पूर्वेची निघाली.

आरसा सहा बाय चार फुटांचा. 5 मिलीमीटरची काच चौरस मीटरला साडेबारा किलो भरते, म्हणजे हे धूड 28 किलोच्या आसपास, आणि लिफ्टमधून काच न्यायला सोसायटीची परवानगी नाही. मग काय, जिना. दोन माणसं दर मजल्यावर आरसा टेकवून दम खाणार आणि तेवढ्यात कुणीतरी दार उघडून "काय, नवीन घेतलात वाटतं?" असं विचारता विचारता केस सारखे करून घेणार. काचवाला मात्र माणूस जाणकार. मागे प्लाय मारला, नवऱ्याने आणलेली सिलिकॉनची ट्यूब नुसती हुंगून परत दिली, "साहेब, हा आंबट वासाचा माल नको, मागचं सिल्व्हरिंग खातो", आणि वर मला ताकीद, की पुसताना स्प्रे फडक्यावर मारायचा, आरशावर नाही, पाणी कडेने आत शिरलं की काळे डाग पडतात. हे मी मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "ताई, आरशाचे पैसे वेगळे."

आता आरसा म्हणजे काय, जितक्या कोनात उजेड येतो तितक्याच कोनात परत जातो, त्याला ब्रोशरशी काही देणंघेणं नाही. त्यामुळे सोफ्यावरून बघितलं तर बी विंगच्या काकांचा पट्ट्यापट्ट्याचा लेंगा आमच्या डायनिंग टेबलावर वाळत असतो. खुर्चीवरून बघितलं तर समोरच्या टॉवरचे ड्रेनेजचे पाईप, तेही सगळेच्या सगळे. पश्चिमेची खिडकी, त्यामुळे संध्याकाळच्या चहाला सूर्य आरशातून थेट डोळ्यात, आम्ही चहा गॉगल लावून पितो. शिवाय घरात आता कुणी कुणाकडे बघून बोलत नाही, सगळे आरशात बघून बोलतात. नवरा तर भांडतानासुद्धा पोट आत ओढून भांडतो, त्यामुळे त्याचा श्वास लवकर संपतो आणि भांडण मी जिंकते, हा एक फायदा मान्य करायलाच हवा.

आणि डोंगर? दिसतो की! फ्रिजला पाठ टेकून, गुडघे किंचित वाकवून उभं राहिलं की आरशाच्या कडेला येऊरची हिरवी पट्टी दिसते, साधारण फूटपट्टीएवढीच. पाहुणे आले की नवरा एकेकाला दंडाला धरून तिथे नेतो, "थोडं खाली... अजून... हां, दिसला?" सगळे हो म्हणतात. गुडघेदुखीवाले तर फारच लवकर हो म्हणतात.

सासूबाईंनी त्यावर उपाय काढला. त्यांची उंची मुळात कमी, त्यांनी फ्रिजला टेकवून एक उंच स्टूल टाकलं आणि आता मेथी निवडण्यापासून जपापर्यंत सगळा कारभार तिथूनच चालतो. फ्रिजचं दार उघडायचं म्हणजे आधी त्यांना उठवायचं. आज सकाळी दूध काढायला गेले तर आरशावरची नजर न हलवता म्हणाल्या, "अगं, आत्ता कुठे ढग उतरतायत, आजच्या दिवस कोरा घ्या ना चहा."