‘एक फ्लोट आणि एक दिवा’ लावून ते भागलं नसतं

एक मजकूर सध्या खूप फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: पाण्याने थंड होणाऱ्या जुन्या विमान-इंजिनांत पाणी घटल्याचा इशारा द्यायला एक फ्लोट (पाण्यावर तरंगून पातळी दाखवणारा गोळा) आणि एक दिवा पुरला असता. इंजिनिअरांना ते सुचलं नाही, तापमानाच्या काट्यावर भागवलं, म्हणून हॅरी हॉकरसारखे वैमानिक कशाचा पत्ता नसताना समुद्रात पडले.

हॉकरला पत्ता नव्हता, हे साफ चूक. १८ मे १९१९ ला तो आणि त्याचा दिशादर्शक मॅकेन्झी-ग्रीव्ह न्यूफाउंडलंडहून अटलांटिक ओलांडायला निघाले. विमान सॉपविथचं, इंजिन रोल्स-रॉइस ईगल. वाटेत पाणी तापू लागलं; रेडिएटरकडची गाळणी तुंबली असावी असा हॉकरचा निष्कर्ष होता. काटा चढताना त्याने पाहिला. अडकलेला कचरा सुटावा म्हणून इंजिन बंद करून विमान खाली झोकलं. पाणी उकळून जातच राहिलं, तेव्हा तो जहाजांच्या वाटेकडे वळला आणि ‘मेरी’ या डॅनिश जहाजाजवळ पाण्यात उतरला. त्या जहाजावर बिनतारी यंत्रणा नव्हती, म्हणून आठवडाभर दोघं गेले असंच सगळे धरून चालले होते. इशारा त्याला मिळाला होता. पाणी किती उरलंय, हे मात्र काटा सांगू शकत नव्हता.

काटा अपुरा होता, हा मजकुरातला मुद्दा मला मान्य आहे, आणि त्याचं कारण नीट सांगायला हवं. पाणी उकळायला लागलं की त्याचं तापमान चढत नाही. उघड्या रेडिएटरमध्ये काटा उत्कलनबिंदूपाशी थांबतो आणि पाणी मात्र कमी होत जातं. तीन हजार मीटरवर तो बिंदू सुमारे ९० अंशांवर येतो, म्हणजे समुद्रसपाटीवर जो आकडा निर्धास्त वाटावा, तिथेच वर पाणी उकळत असतं. पातळी आणखी उतरून काट्याचा बल्ब, म्हणजे पाण्यात बुडवलेलं तापमान मोजणारं टोक, उघडा पडला, तर तो पाण्याचं नव्हे, वाफेचं किंवा हवेचं तापमान दाखवतो.

मग फ्लोट का नाही? कारण विमानात ‘पातळी’ ही चीजच स्थिर नसते. नाक वर केलं की पाणी टाकीच्या मागच्या भिंतीकडे सरकतं, झटक्यात सूर मारला तर छताला भिडतं. वर इंजिनाची थरथर आणि उकळत्या पाण्याचा फेस. असा फ्लोट पाणी भरपूर असताना दिवा लावेल आणि संपत आलेलं असताना गप्प राहील. खोटे इशारे देणाऱ्या दिव्याकडे चार उड्डाणांनंतर कोण बघेल?

आणि ‘सुचलं नाही’ म्हणणाऱ्यांनी सुपरमरीन या ब्रिटिश कंपनीचं टाइप २२४ हे विमान पाहावं. फेब्रुवारी १९३४ मध्ये उडालेल्या या लढाऊ विमानात गॉसहॉक इंजिन वाफेवर, म्हणजे पाणी उकळू देऊन, थंड होत असे. वाफ पंखाच्या पुढच्या कडेत निवायची, ते पाणी चाकांच्या आवरणातल्या टाक्यांत साठायचं आणि पंपाने वर जायचं. चढताना हवेचा दाब घटला की उकळीच्या काठावरचं हे पाणी पंपातच वाफ व्हायचं. कॉकपिटमध्ये इशाऱ्याचे लाल दिवे होते, आणि ते लागायचेही. दिवा लागला की वैमानिकाने चढणं थांबवायचं. लढाऊ विमानाला हे कसं परवडणार?

टाइप २२४ चा आरेखक मिचेल याचं पुढचं विमान, स्पिटफायर, ५ मार्च १९३६ ला उडालं. त्यात वाफेची पद्धत नव्हती. मर्लिन इंजिन होतं, पंखाखाली रेडिएटर होता आणि त्यात पाण्याऐवजी सुमारे १९७ अंशांना उकळणारं ग्लायकॉल हे द्रव.