कानोनाऊ ही रक्तदाबाची गोळी नव्हे

‘इटलीतल्या सार्डिनिया बेटावरचे लोक रोज दोन ग्लास कानोनाऊ ही रेड वाइन पितात, म्हणून शंभरी गाठतात. ती घेतली की हृदयाला औषध लागत नाही. तिला तीन हजार वर्षांची परंपरा आहे आणि तिच्यात सल्फाइट (वाइन टिकवायला वापरतात ते रसायन) अजिबात नाही,’ असा मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. आमच्या काकांपर्यंत तो पोचला आणि त्यांनी आईला विचारलं, मग रक्तदाबाची गोळी बंद केली तर चालेल ना? असलं पुढे ढकलताना कुणी क्षणभर तरी थांबतं का?

रोजच्या पिण्याने रक्तदाब वाढतो, उतरत नाही. वाइन झाली म्हणून तिच्यातलं अल्कोहोल वेगळं नसतं, आणि कानोनाऊत ते बऱ्याचदा १४ टक्क्यांच्या आसपास असतं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सरळ सांगितलं की मद्याचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही. त्याच निवेदनानुसार युरोपात मद्यामुळे होणाऱ्या कर्करोगांपैकी निम्मे थोडी किंवा बेताची पिणाऱ्यांना होतात. बेताची म्हणजे किती, तर आठवड्याला दीड लिटरपेक्षा कमी वाइन. दीडशे मिलीचे दोन ग्लास रोज घेतले तर आठवड्याला २.१ लिटर होतात! फॉरवर्डमधलं ‘औषध’ बेताच्या मापातही बसत नाही.

आता शंभरीचं. मिशेल पुलाँ, जिआनी पेस या संशोधकांनी आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दीर्घायुषी लोकांचा जो पट्टा दाखवला, तो ओल्यास्त्रा आणि बार्बाजाच्या डोंगराळ गावांचा आहे, अख्ख्या बेटाचा नाही. कानोनाऊचे मळे मात्र बेटभर आहेत. हेच द्राक्ष स्पेनमध्ये गार्नाचा आणि फ्रान्सच्या दक्षिणेत ग्रनाश म्हणून पिकतं. वाइनच कारण असती तर आयुष्य तिथेही तसंच वाढायला हवं होतं. डोंगरावरच्या मेंढपाळांची आयुष्यभराची चढउतार आणि शेंगा-भाज्यांचं साधं जेवण मजकुरातून सोयीस्कर गाळलंय.

रेस्वेराट्रॉल, म्हणजे द्राक्षाच्या सालीतलं, हृदयाला चांगलं म्हणून सांगितलं जाणारं द्रव्य, वाइनमध्ये असतं, हे खरं. पण लिटरमागे काही मिलिग्रॅम. प्रयोगांत माणसांना शेकडो मिलिग्रॅम देतात.

‘तीन हजार वर्षांची परंपरा’ हेही मान्य करावं लागेल. सार्डिनियातल्या काब्रासजवळ सा ओसा इथल्या प्राचीन विहिरीत तेवढ्या जुन्या द्राक्षबिया सापडल्यात. त्याने हृदयाबद्दल काही सिद्ध होत नाही.

आणि ‘सल्फाइट अजिबात नाही’? आंबवतानाच थोडं सल्फाइट आपोआप तयार होतं. लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर असेल तर युरोपात ते लेबलवर छापावंच लागतं. बाटली फिरवून वाचा.