पावणं मुद्दाम आल्यात

सायकलचे हप्ते थकले म्हणून फायनान्सवाल्यांनी सुटे भाग काढून नेले का, असं मला परवा भर चौकात विचारण्यात आलं. विचारणाऱ्या आजोबांचा सूर चेष्टेचा असता तर चाललं असतं. त्यात खरी कळकळ होती, आणि तीच अजून टोचते आहे.

जागा सागरेश्वरच्या डोंगराखालची. किर्लोस्करवाडी स्टेशनवरून कुंडलकडं निघायचं, अभयारण्याच्या कुंपणाबाहेरून वाड्यावस्त्यांचे कच्चे रस्ते पकडायचे आणि यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावी, देवराष्ट्र्याला निघायचं. ग्रॅव्हल सायकलीला, म्हणजे खडी-मातीच्या रस्त्यांसाठीच्या वाकड्या हँडलच्या सायकलीला, याहून चांगला पट्टा सांगली जिल्ह्यात शोधूनच काढावा लागेल. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला माणसांनी झाडं लावून उभं केलेलं जंगल, मधे जुनी देवळं. नशीब असलं तर कुंपणापलीकडं चितळ उभं दिसतं. मला दिसली ती मागच्या टायरला बाजूनं गेलेली चीर.

ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट, म्हणजे भोकं बुजवणारा पातळ चीक, असतो. 40 मिलिमीटरच्या टायरला 60 ते 80 मिली पुरतं, पण आपल्याकडच्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत वाळून त्याची साय होते, म्हणून अधूनमधून भर घालावी लागते. बाभळीचा काटा, सराटा, तारेचा तुकडा, असली भोकं ते चाक फिरता फिरता बुजवतं. त्याहून मोठं भोक पडलं तर रबराची काडी खुपसायची. टायरच्या बाजूला गेलेल्या चिरीपुढं मात्र दोन्ही हात टेकतात, कारण ती बाजू चालताना सारखी लवते आणि चिकटलेलं पुन्हा उघडतं. मग एकच उपाय. टायर एका बाजूनं रिममधून सोडवायचा, व्हॉल्व्ह काढायचा, आत अडकलेले काटे बोटांनी चाचपून उपटायचे (हे विसरलात तर नवी ट्यूब पाच मिनिटं टिकते), चिरीच्या आतून न ताणणारं काहीतरी लावायचं आणि मग ट्यूब भरायची. अस्तर नसेल तर ट्यूब चिरीतून फुगा काढते आणि फुटते. अस्तराला गुटख्याची पुडी चौपदरी घडी करून उत्तम चालते. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, त्यामुळे पुडी शोधायला मला पाऊलभर चालावं लागलं.

हे चालू असताना आजोबा आले. पांढरी टोपी, काखेत नायलॉनची पिशवी. टायरमधून सीलंट ओघळत होतं.

"दूध कशापायी घातलंय?"

"दूध नाही, औषध आहे. पंक्चर होऊ नये म्हणून."

ते टायरकडं बघत राहिले. माझ्याकडं बघितलं नाही, हे उपकारच.

"स्टँड कुठाय?"

"नसतो याला."

"मग लावायची कशी?"

"भिंतीला टेकवायची."

"आन रानात भिंत कुठली?"

"आडवी ठेवायची."

"म्हंजे पडल्यालीच. मडगार्ड?"

इथं मी सावरलो. काळ्या रानात ओली माती टायर आणि मडगार्डमध्ये गच्च बसते, चाक फिरायचं थांबतं आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते, हे सांगितलं. ते त्यांना पटलं. पावसाळ्यात गावातली पोरं मोटारसायकलीचं पुढचं मडगार्ड काढून ठेवतात ते याचसाठी. वाटलं, सुटलो.

"कॅरेज?"

"सामान या फ्रेमच्या मधल्या पिशवीत."

"त्यात वैरणीचा भारा बसंल व्हय?"

याला उत्तर नव्हतं. हप्त्यांचा प्रश्न इथंच आला. मग किंमत. मी निम्मी सांगितली. घरी सांगितलेली तीच, म्हणजे निदान गोंधळ होत नाही.

"एवढ्यात म्हस येत्या," आजोबा म्हणाले. "तिला बी हँडल वाकडंच असतंय. पर ती धा वर्सं पंक्चर हुईत न्हाई."

एवढ्यावर थांबले असते तर मी हसून निघालो असतो. पण त्यांनी विचारलं, इकडं कुठं. म्हटलं, या कच्च्या रस्त्यानं पुढं.

"चुकलाय व्हय? डांबरी तिकडनं हाय."

"नाही, मुद्दाम कच्च्यानं आलोय."

आजोबा वळले आणि चहाच्या टपरीकडं बघून मोठ्यानं ओरडले, "ए, या रं! पावणं मुद्दाम आल्यात!"

आले. सगळे आले.

त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही. परदेशात ग्रॅव्हल म्हणून जो रस्ता असतो तो तसाच ठेवायचा म्हणून ठेवलेला असतो. आपल्याकडं तो अर्धवट सोडलेला असतो. मोठी खडी अंथरायची, तिच्या फटीत मुरूम भरायचा, पाणी मारायचं आणि रोलर फिरवायचा, हे खडीकरण. त्यावर पुढं डांबर. यातलं पाणी आणि रोलर कागदावर फिरले की पहिल्या वळवाला मुरूम वाहून जातो आणि धारदार खडी दात काढून वर येते. दाबलेल्या मुरमावर, सत्तर किलोच्या माणसाला, पुढं 30 आणि मागं 33 पीएसआय (हे हवेच्या दाबाचं माप) हवा म्हणजे स्वर्ग. मोकळ्या खडीवर तीच हवा कमी पडते, रिम दगडाला लागते. हवा वाढवली की चाक दगडावरून घसरतं आणि कड टायरची बाजू कापते. म्हणजे माझं टायर कापलं ते निसर्गानं नाही, न फिरलेल्या रोलरनं. याच रस्त्यावरून पोरं शाळेला जातात, बाळंतीण दवाखान्यात जाते, उसाची ट्रॉली एका अंगाला कलून जाते. कडेला पाटी मात्र डौलात उभी आहे: कामाचं नाव, लांबी, रक्कम. काम पूर्ण झाल्याची तारीख उन्हानं उडालेली, की कुणी खरवडलेली, कोण जाणे.

हातपंपानं 40 च्या टायरला 30 पीएसआयपर्यंत आणायला दीड-दोनशे झटके लागतात, म्हणून बाजूच्या पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर. त्याचं तोंड मोटारसायकलच्या व्हॉल्व्हचं. आपल्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला आधी टोकाची चिमुकली नट सैल करायची, मग पितळी अडॅप्टर चढवायचा. तो पाकिटातच असू द्यावा, हातभर पंपापेक्षा जास्त उपयोगी पडतो. आणि दुकानातल्या पोराला आधीच बजावायचं. हल्लीच्या बिनकडेच्या, म्हणजे हूकलेस, रिमला 72 पीएसआयच्या वर जायची मनाई असते. वर गेलं की टायर रिमवरून उडू शकतं. ट्रॅक्टरला हवा भरणारा हात तिथं तीन श्वासांत पोचतो.

मी हे सांगत असताना नळी आजोबांनी हातात घेतली. दुसऱ्या हातानं पिशवीतून प्लास्टिकचं फोल्डर काढलं. रस्त्याच्या डांबरीकरणाचा अर्ज. खाली सह्या, अंगठे, पुन्हा सह्या.

"आमच्या सह्या कोण वाचत न्हाई. शेरातल्या माणसाची पायजे. करा."

"अहो, पण मला हा रस्ता असाच..."

आजोबांनी नळी आणखी मागं घेतली. टपरीवरची मंडळी टायरकडं बघत होती. माझ्या छंदाच्या मरणाच्या दाखल्यावर मी सही केली. नावापुढं ‘त्रासाचं स्वरूप’ असा रकाना होता. तो पंक्चरवाल्या पोरानं मला न विचारता भरला.

हवा भरली. तीसच. निघताना उगीच आवाज उतरवून विचारलं, "पलीकडच्या वाडीचा रस्ता अजून कच्चा आहे का हो?"

"हाय की," आजोबा म्हणाले आणि फोल्डरमधून दुसरा कागद काढला. "त्येंचा अर्ज बी माज्याकडंच हाय."