"काहीतरी कमी वाटतंय" म्हणजे नेमकं काय?

जेवताना आपले शेरे साधारण दोनच असतात. "मस्त झालंय" नाहीतर "काहीतरी कमी वाटतंय". ते 'काहीतरी' ओळखायची नजर शंभर ठिकाणी जेवून येत नाही, व्हिडिओ बघून तर मुळीच नाही. ओट्यापाशी उभं राहून एकच पदार्थ दहा वेळा केला की येते, असं माझं स्पष्ट मत आहे.

कांद्यापासूनच सुरुवात करा. दोन मध्यम कांदे, बारीक आणि सारखे चिरलेले (सारखे हे महत्त्वाचं), दोन मोठे चमचे तेल, मध्यम आच. पहिली पाच-सहा मिनिटं कांदा नुसता मऊ आणि काचेसारखा होतो. कांद्यात जवळपास 89 टक्के पाणी असतं. ते उडेपर्यंत तापमान 100 अंश सेल्सिअसच्या फारसं वर चढत नाही आणि तांबूस रंग, खमंग वास देणारी क्रिया वेग घेते 140 अंशांच्या आसपास. म्हणून सोनेरी व्हायलाच पंधरा-एक मिनिटं लागतात. गडद तपकिरी, गोडसर कांदा हवा असेल तर आच मंद करून अर्धा-पाऊण तास धरा. "पाच मिनिटांत कांदा तपकिरी करून घ्या" असं लिहिणाऱ्या रेसिपीवर खुशाल काट मारा.

घाईत आच वाढवली की कडा करपतात आणि मधला भाग कच्चा राहतो. लहान भांड्यात पाच-सहा कांदे कोंबले की सुटलेली वाफ आतच घुटमळते आणि कांदा परतला न जाता शिजतो, फिकट आणि गिळगिळीत. सुरुवातीला चिमूटभर मीठ घातलं तर पाणी लवकर सुटतं, कांदा पटकन मऊ पडतो, पण रंग यायला उशीर होतो. तळाला तपकिरी थर धरला तर चमचाभर पाणी घालून खरवडा, चव तिथेच आहे. थर काळा झाला असेल तर मात्र टाकून द्या. करपलेला कडवटपणा साखरेने झाकत नाही, उगाच साखर वाया जाते.

एवढं हाताखालून गेलं की दुसऱ्याने केलेल्या पदार्थातला घाईचा कांदाही पहिल्या घासाला पकडता येतो. आणि कुणी तो तासभर निगुतीने परतला असेल तर तेही कळतं. दाद खरी द्यावीशी वाटते ती तेव्हा.

मिठाचा धडा याहून सोपा. बटाट्याचं अळणी सूप करून तीन वाट्यांत ओता, प्रत्येकी 200 मिली. पहिलीत काही नाही. दुसरीत पाव छोटा चमचा मीठ. तिसरीत तेवढंच मीठ आणि अर्धा छोटा चमचा लिंबाचा रस. ओळीने चाखा. दुसऱ्या वाटीतला बटाटा जास्त बटाट्यासारखा लागतो, कारण मीठ खारटपणा देतंच, शिवाय कडवटपणा दाबतं. तिसरीत चवीला उठाव येतो. आपण ज्याला मीठ कमी म्हणतो तिथे कित्येकदा आंबट कमी असतं.

आटवायच्या पदार्थात मीठ शेवटी लावा. पाणी उडतं, मीठ उडत नाही. एक लिटरचं अर्धा लिटर झालं की खारटपणा दुप्पट. आणि खारट झाल्यावर बटाटा टाकून मीठ शोषून घ्यायची युक्ती? बटाटा खारट पाणीच शोषतो, उरलेल्या पाण्याचा खारटपणा तसाच राहतो. त्यापेक्षा अळणी पाणी किंवा भाजी वाढवा.

लसूण थोडक्यात. अख्खी पाकळी मंद तेलात सौम्य, गोडसर होते. ठेचलेली झणझणीत, कारण पेशी फुटल्यावरच तो उग्र घटक तयार होतो. बारीक चिरलेली गरम तेलात बघता बघता करपते, म्हणून ती कांद्यानंतर घालायची.

आणि "काहीतरी कमी" वाटलं की लगेच सगळ्या भांड्यात हात घालू नका. दोन चमचे भरून घ्या. एकात मिठाचे चार कण, दुसऱ्यात लिंबाचा एक थेंब. किंचित निवू द्या, कडकडीत गरम असताना जिभेला चव नीट कळत नाही. ज्या चमच्याला "हां, हेच!" निघेल, तेच भांड्यात घाला, थोडं थोडं.