2030 साली कोणी अमर होणार नाही, बीपीची गोळी बंद करू नका

‘2030 पर्यंत माणूस अमर होणार, गूगलच्या इंजिनिअरचा दावा’ हा मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय. मुलुंडच्या मावशीने तो मला पाठवला आणि विचारलं, “मग बीपीची गोळी कशाला घेऊ?” तिने गोळी बंदही केली होती आणि मेसेजखालच्या लिंकवरून ‘वय थांबवणाऱ्या’ कॅप्सूल मागवल्या होत्या.

आधी कॅप्सूलचं बोलू, कारण जीव त्यात जाऊ शकतो. माणसाचं म्हातारपण थांबवते असं सिद्ध झालेली एकही गोळी आज बाजारात नाही. एनएडी (पेशींना ऊर्जा बनवायला लागणारा घटक) वाढवणाऱ्या कॅप्सूलचे जे मोठे परिणाम सांगतात, ते बहुतेक उंदरांवरचे. रक्तदाबाच्या साध्या गोळीने मात्र पक्षाघात आणि हार्ट अटॅक टळतात, हे लाखो रुग्णांच्या अभ्यासांतून दिसलंय. रक्तदाब चढला तरी बहुतेकदा दुखत-खुपत काहीच नाही, म्हणून तर गोळी सोडायचा मोह होतो. आयुष्य वाढवणारं औषध मावशीच्या डब्यात होतंच, नेमकं तेच या मेसेजने बंद करायला लावलं. संताप येतो.

2030 चं म्हणाल तर ते मेसेजमधल्या ‘गूगलच्या इंजिनिअर’चं, म्हणजे रे कर्झवाइल यांचं भाकीत आहे, शोध नव्हे. आयुष्याची हमी नाही, हे ते स्वतःच सांगतात. त्यांच्या भाकितातले रक्त साफ करणारे नॅनोरोबो, म्हणजे अतिसूक्ष्म यंत्रं, आज कुठल्याच हॉस्पिटलात नाहीत. फ्रान्सच्या जान काल्माँ 1997 साली 122 व्या वर्षी गेल्या. तेवढं वय त्यानंतर कोणीही गाठलेलं नाही.

पेशी पुन्हा तरुण करता येतात, हे खरं आहे, मान्य. जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांना त्यासाठी 2012 चं नोबेल मिळालं. पण हीच प्रक्रिया जिवंत उंदरांच्या शरीरात केली तेव्हा गाठी झाल्याचंही दिसलं.

मेसेजमधलं सगळ्यात खोटं वाक्य शेवटचं: ‘नचिकेत्याने यमाकडून हेच रहस्य मिळवलं.’ कठोपनिषद उघडून बघा. यम त्याला हवी तितकी वर्षं, शंभर वर्षं जगणारे मुलगे-नातू, हत्ती, घोडे, सोनं देऊ करतो. नचिकेता नाकारतो. “अपि सर्वं जीवितमल्पमेव”, कितीही लांबवलं तरी आयुष्य थोडंच, असं म्हणतो आणि मेल्यावर माणूस उरतो की नाही, एवढंच विचारत राहतो. लांब आयुष्य परत करणाऱ्या मुलाच्या नावावर कॅप्सूल विकतायत.

तुमच्या ग्रुपवर हा मेसेज आला असेल, तर घरातल्या वडीलधाऱ्यांची गोळी चालू आहे ना, ते आजच विचारा.