डावा अक्ष ओढला की उजवा कायले पळतो?

मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये एकाच आलेखात डावीकडे विहिरीतलं पाणी मीटरमध्ये, उजवीकडे रोजचा पाऊस मिलिमीटरमध्ये. मला फक्त विहिरीची रेघ मोठी करून पाहायची होती. दोन बोटांनी ताणली, तर पावसाचे खांबही ताणले गेले! अरे बापा, तुले कोनं सांगितलं होतं पावसाले हात लावाले?

डोकं फिरतं या अ‍ॅपवाल्यांचं काम पाहून. अक्ष दोन, एककं दोन, रंग दोन, अन् झूम मात्र एकच. विहिरीचा अक्ष ० ते १४ मीटर, पावसाचा ० ते १५०. दोघांनाही एकाच ताणात सारखं कापायचं, हे कुठलं गणित?

मला हे कशाला लागतं ते ऐका. आमचा यवतमाळकडचा भाग काळ्या पाषाणाचा. पावसाळ्यात विहीर झपाट्यानं भरते आणि दिवाळीनंतर तशीच उतरत जाते. गव्हाला पाण्याच्या पाच-सहा पाळ्या लागतात, हरभरा एक-दोन पाळ्यांत निघतो. म्हणून ऑक्टोबरात पाणी आठवड्याला किती उतरतंय, यावर गहू पेरायचा की हरभरा हे ठरतं. फरक असतो अर्ध्या मीटरचा. १४ मीटरच्या अक्षावर, मोबाइलच्या स्क्रीनवर, अर्धा मीटर दिसतच नाही. म्हणून झूम पाहिजे, आणि तो फक्त विहिरीला पाहिजे. पाऊस शेजारी जसाच्या तसा उभा राहिला पाहिजे, कारण परतीच्या पावसाची सर कधी आली आणि तिच्यामुळे पाणी उतरायचं किती दिवस थांबलं, हेच तर बघायचं आहे.

आणि होतं काय? पावसाचा अक्ष २० ते ४० वर येऊन बसतो. खांबांचा पायाच कापला जातो. ६५ मिलिमीटर म्हणजे सरकारी निकषानं अतिवृष्टी; ती आणि ४२ ची साधी सर, दोन्ही खांब वरच्या कडेला भिडून एकसारखे. १२ मिलिमीटरचा पाऊस तर आलेखातून गायब! खांबाची उंची शून्यापासून धरली तरच तिला अर्थ असतो, एवढं साधं कळू नये? शेजारचे काकाजी माझ्या मोबाइलमध्ये पाहून म्हणाले, "म्हंजे त्या दिशी पाऊस झालाच नाही म्हन्ते का हे?" ज्या माणसानं तो पाऊस स्वतःच्या हातानं मोजून वहीत लिहिला होता, त्याला हा आलेख खोटं पाडतो. संताप येणार नाही तर काय!

पूर्ववत करायला दोनदा टिचकी मारा, तर पुन्हा दोन्ही अक्ष मूळ जागी. विहिरीवर घेतलेली सगळी मेहनत पाण्यात.

त्यांना कळवलं. उत्तर आलं, दोन वेगळे आलेख काढा. काढले की! मग तारखा एकमेकींना धरून सरकत नाहीत. वर सप्टेंबर, खाली नोव्हेंबर. सर कुठल्या दिवशी आली आणि पाणी कुठल्या दिवशी थांबलं, हे एका उभ्या रेघेत दिसावं म्हणूनच तर दोन्ही एका आलेखात घातले होते ना?

आणि हे जमत नाही असं कुणी सांगूच नये. प्लॉटली आणि ईचार्ट्स ही आलेख काढायची तयार अवजारं. प्लॉटलीत माउसनं अक्षाचं टोक धरून ओढलं की तेवढाच अक्ष ताणला जातो, आणि फिक्स्डरेंज नावाची सोय लावली की दुसरा जागचा हलत नाही. ईचार्ट्समध्ये डेटाझूम, म्हणजे त्यांची झूमची सोय, कुठल्या उभ्या अक्षाला लावायचा ते क्रमांक देऊन सांगता येतं. दोन्ही फुकट मिळतात. म्हणजे अवजार आहे, वापरायची इच्छा नाही. जास्तीत जास्त एक छोटं बटण लागेल: "पाऊस बांधून ठेवा". तेवढं करायला कोणाचा हात दुखतो?

तोवर मी काय करतो? सगळे आकडे एक्सेलमध्ये ओततो, डाव्या अक्षाचं किमान-कमाल हातानं टाकतो, उजव्याचं वेगळं टाकतो, चित्र काढून गटावर पाठवतो. पुढच्या आठवड्याचं मोजमाप आलं की पुन्हा तेच. रात्री लाइन आली की मोटर सुरू करायला वावरात पळायचं, की हे आकडे भरत बसायचं?

गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावी लागते. त्याच्या आधी डावा अक्ष मोकळा करून द्या.